अर्ध्या गल्लीचा पुरावा

पुण्यात रस्त्यांविषयी मत नसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. खड्डे कुणामुळे पडतात, कंत्राटदार कुणाचा मेव्हणा, कुठला चौक कुणाच्या डोक्यातून निघाला, यावर रिक्षावाल्यापासून निवृत्त प्राचार्यांपर्यंत सगळे अधिकारवाणीने बोलतात. पण रस्त्याच्या खाली काय आहे असं विचारा, की हीच मंडळी तुमच्याकडे अशी बघतात, जणू तुम्ही त्यांच्या घरातल्या भांडणाची चौकशी केलीत. पद्मजाबाई शेवडे यांनी हा प्रश्न तीस वर्षं विचारला. विचारून विचारून त्यांचा आवाज कायमचा अर्धी पट्टी वर गेला होता.

बाई जन्मल्या शनिवार पेठेत, लग्न होऊन आल्या कर्वेनगरला, आणि शिकवायच्या शहराबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात. विषय माती. सिव्हिलला येणारी मुलं डोळ्यांपुढे पूल आणि टोलेजंग इमारती घेऊन येत आणि मातीच्या तासाला मागच्या बाकांवर सरळ झोपत. बाई कधी कुणाला उठवत नसत. "झोपा, झोपा," म्हणायच्या, "उद्या तुम्ही बांधलेल्या इमारतीही अशाच आडव्या होतील." मुलं हसायची आणि पुन्हा झोपायची. बाईंना मात्र हसू येत नसे. त्यांना खरोखरच राग यायचा, आणि तो राग त्या घरी घेऊन जायच्या.

त्यांचं खरं वैर होतं काळ्या मातीशी. शेतकऱ्याला ही माती लक्ष्मी वाटते. रस्त्याला ती शनी आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून भेगाळते, आणि दर वर्षी वरचा रस्ता एकदा उचलते, एकदा आपटते. वर कितीही डांबर ओता. यावर महापालिकेच्या रस्ते खात्याचा पिढीजात उपाय एकच: माती उकरून फेका आणि कुठल्यातरी डोंगरातून मुरूम आणून भरा. म्हणजे एक रस्ता सरळ करायला एक टेकडी वाकडी करायची. त्यातही बऱ्याचदा माती पुरती उकरली जात नाही, मुरूम पुरता पडत नाही, आणि दोन पावसाळ्यांत रस्ता पहिल्यासारखा होतो.

आता पुण्याच्या चारी बाजूंना कारखाने. त्यांतल्या फाउंड्र्यांमध्ये लोखंड वितळवलं, की वर मळी धरते. ती काढून बाजूला ओततात, ती गार होऊन दगडासारखी होते. तिला स्लॅग म्हणतात. या स्लॅगचं करायचं काय, हा मालकांपुढचा मोठा प्रश्न. मग कुणाच्या पडीक जागेत, कुठल्या ओढ्याच्या काठी तिचे ढीग उभे राहतात. बाईंनी प्रयोगशाळेत ती दळून पिठासारखी केली, त्यात थोडा चुना घातला आणि हे मिश्रण ओल्या काळ्या मातीत कालवून दाबलं. महिन्याभरात ती माती फुगायचंच विसरली. इतकी कडक झाली की प्रयोगशाळेतला शिपाई तिच्यावर पाय देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, फरशीच झाली की." कचऱ्याची सोय झाली, टेकडी वाचली, रस्ता टिकला. बाईंना वाटलं, आता उरलंय काय? नुसतं जाऊन सांगायचं.

तिथे त्या चुकल्या. सांगण्यातच त्यांची पुढची कित्येक वर्षं गेली.

खात्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. जो माल दरसूचीत, म्हणजे खात्याच्या मंजूर मालाच्या यादीत नाही, तो कामात वापरता येत नाही. मग दरसूचीत कधी येणार? कामात वापरून सिद्ध झाल्यावर. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाईंना वाटलं, साहेब चेष्टा करताहेत. साहेब चेष्टा करत नव्हते. तेवढी त्यांना फुरसत नव्हती; त्यांची जेवणाची वेळ झाली होती. बाईंनी खेटे घालायला सुरुवात केली. एखाद्या साहेबाला कसंबसं पटवत आणावं, तर त्याची बदली व्हायची आणि नव्या साहेबाला पुन्हा काळी माती म्हणजे काय इथपासून सांगावं लागायचं. स्लॅगमधून पाण्यात काही विषारी उतरतं का, याची तपासणी झाली. काही उतरत नव्हतं. तरी एकाने विचारलं, "पण मॅडम, लोक म्हणतील ना, आमच्या रस्त्याखाली कचरा पुरला." बाई म्हणाल्या, "हल्ली कचरा वर असतो, त्याबद्दल काही म्हणतात का?" त्या दिवशी फाईल आणखी एक टेबल मागे गेली.

अखेर धावून आला तो मागच्या बाकावर झोपणाऱ्यांतलाच एक. दिग्विजय काकडे, आता महापालिकेच्या रस्ते विभागात उपअभियंता. बाईंना पाहून तो खुर्चीतून ताडकन उठला. जन्मात पहिल्यांदाच तो त्यांच्यासमोर पूर्ण जागा दिसला. त्याने धायरीतली एक गल्ली शोधून काढली. पूर्वीचं शेत, आता दोन्ही बाजूंना चिकटून घरं, आणि खाली अस्सल काळी माती.

"मॅडम, सगळ्याच गल्लीत टाकून देऊ ना," दिग्विजय म्हणाला. "फाउंड्रीवाला फुकट द्यायला तयार आहे. माल पुरतोय."

"आणि तुलना कशाशी करणार? माझ्या चेहऱ्याशी?" बाई म्हणाल्या. "अर्ध्या गल्लीत माझा थर घाला, अर्धी तुमच्या नेहमीच्या पद्धतीने करा. एकच माती, एकच पाऊस, एकच रहदारी. उद्या दरसूची ठरवणाऱ्या समितीतल्या कुणी म्हणायला नको, की इथे मातीच बरी होती."

कुठला अर्धा हेही त्यांनी कुणाला ठरवू दिलं नाही. माणसाने निवडलं की त्यात माणूस येतो, असं त्यांचं शास्त्र. दिग्विजयने खिशातलं नाणं उडवलं. मोठ्या रस्त्याकडचा खालचा अर्धा भाग बाईंच्या वाट्याला आला, वरचा खात्याच्या. समितीची अटही ठरली: तीन पावसाळे जाऊ द्यायचे, मग समिती स्वतः येऊन दोन्ही भाग कापून तपासणार, आणि थर टिकलेला दिसला तर दरसूचीत नाव. बाईंनी मधल्या काळात काढलेली मापं कुणी ग्राह्य धरणार नव्हतं. समितीच्या डोळ्यांसमोर होईल तीच तपासणी. तिसरा पावसाळा संपल्यावर येणाऱ्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. म्हणजे ही गल्ली तेवढी जागेवर राहिली पाहिजे. साऱ्या नोकरीचं चीज व्हायचं की नाही, ते या एका गल्लीवर येऊन ठेपलं होतं.

पहिला पावसाळा गेला. खालच्या अर्ध्या भागात काही झालं नाही. चांगल्या रस्त्याची हीच तर पंचाईत असते; तो काही करतच नाही. लोक त्यावरून जात होते, गाड्या लावत होते, पचापचा थुंकतही होते, आणि रस्ता निमूटपणे सपाट राहत होता. एकाही माणसाने थांबून म्हटलं नाही, की अरे वा, इथे पाणी साचलं नाही. वरच्या अर्ध्या भागात मात्र दिवाळीच्या सुमाराला एक लांब भेग उमटली. ती कौशल्या भोयर यांच्या फाटकासमोरून गेली होती.

कौशल्याबाई मूळच्या वर्ध्याकडच्या. नवरा रंगनाथ नऱ्ह्याच्या बाजूला एका फाउंड्रीत भट्टीवर होता. ज्या फाउंड्रीने गल्लीसाठी स्लॅग दिली, तीच ही. कौशल्याबाई घरात डबे करायच्या आणि आसपास राहणाऱ्या आयटीतल्या पोरापोरींना स्कूटरवरून पोचवायच्या. पद्मजाबाई पहिल्यांदा भेगेपाशी वाकून पट्टी लावत होत्या, तेव्हा फाटकातून आवाज आला, "मॅडम, चहा घ्या ना जी. उन्हात किती वेळच्या बसल्या तुमी." बाईंना चहाची गरज होतीच. तेव्हापासून प्रत्येक फेरीला चहा ठरून गेला.

"रोड कधी चांगला करता, मॅडम?" कौशल्याबाई विचारायच्या. त्यांच्या लेखी मोजायला येणारी बाई म्हणजे महापालिकेची बाई, आणि मोजलं म्हणजे दुरुस्ती आली.

"बघू या," पद्मजाबाई म्हणायच्या. खोटं त्या बोलल्या नाहीत. गैरसमज दुरुस्त करायची घाईही त्यांनी केली नाही.

खरं सांगायचं तर भेग वाढली की बाईंना बरं वाटायचं. खालचा भाग जितका शांत, वरचा जितका बिघडलेला, तितका पुरावा भक्कम. घरी यज्ञेश्वरराव, म्हणजे बाईंचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले आणि टोमण्यांतून न झालेले, ताटाकडे बघून ओळखायचे. "आज शिरा? म्हणजे भेग वाढली."

"अहो, खचायलाही लागलाय तिथे आता," बाई उत्साहाने सांगायच्या.

"अभिनंदन," यज्ञेश्वरराव म्हणायचे आणि शिरा वाढून घ्यायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात त्या खचलेल्या जागी पाणी साचायला लागलं. सकाळी डबे घेऊन निघालेल्या कौशल्याबाईंची स्कूटर पाण्याखालच्या काठावर घसरली. डबे गल्लीभर सांडले आणि उजवं मनगट मोडलं. रंगनाथने भट्टीवरच्या पाळ्या बदलून घेतल्या आणि पोळ्या लाटायला एक बाई ठेवली. निम्मी गिऱ्हाइकं तरीही दुसरीकडे गेली. पद्मजाबाईंना कळलं तसं त्या मोसंबी घेऊन भेटायला आल्या. मनापासून आल्या, त्यांना फार वाईट वाटलं होतं. "नीट जपा हं," असं दोनदा म्हणाल्या. आणि निघताना फाटकाबाहेर क्षणभर थांबून, खचलेला भाग किती खोल गेलाय तेही त्यांनी पाहून घेतलं. सवयच ती.

तिसरं वर्ष आलं. पाऊस दाबून झाला. गणपती गेले, आणि समितीची तारीख दसऱ्यानंतरची ठरली. बाईंना रात्री झोप लागेना. कॉलेजात एका सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, निवृत्तीनंतर काय प्लॅन?" तर त्या त्याच्यावर एवढ्या जोरात खेकसल्या, की तो दोन दिवस त्यांच्या वाटेला गेला नाही. त्यांना एवढंच हवं होतं: समितीने यावं, कापावं, बघावं आणि लिहावं. तोवर आकाश पडू नये.

त्याच दिवसांत एकदा चहा पिताना कौशल्याबाईंनी विचारलं, "मॅडम, मी तक्रार करू का? त्या डब्याच्या पोरी म्हणतेत, मोबाइलवरून होते. फोटो टाकाचा म्हणे."

पद्मजाबाईंनी आयुष्यात महापालिकेकडे किती तक्रारी केल्या होत्या, याची त्यांनाच मोजदाद नव्हती. दिव्याची, कुत्र्यांची, पाण्याची, फुटपाथवर उभ्या राहणाऱ्या टेम्पोची. प्रत्येक वेळी 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज आला होता आणि टेम्पो जागेवरच होता. तक्रारीने काही होत नाही, यावर त्यांचा इतका विश्वास होता, जितका सूर्य पूर्वेला उगवण्यावर. शिवाय 'नको' म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं.

"करा की, जरूर करा," त्या म्हणाल्या. "हक्क आहे तुमचा. करणार कुणी काही नाही, पण करा."

कौशल्याबाईंनी फोटो टाकला. नुसता फोटोच नाही, मोडलेल्या मनगटाचा एक्स-रेसुद्धा टाकला. आणि पद्मजाबाईंच्या हिशेबात एक गोष्ट धरायची राहून गेली होती. कित्येक वर्षं लांबलेल्या महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या.

नवरात्रातली एक सकाळ. समिती येण्याआधी एकदा सगळं नजरेखालून घालावं म्हणून बाई धायरीला निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी एवढा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर एक तरुण भावी नगरसेवक हात जोडून उभा, मागे नऊवारीतली देवी, आणि खाली 'नागरिकांच्या तक्रारीची तात्काळ दखल! संपूर्ण गल्लीचे काँक्रीटीकरण'. फ्लेक्सच्या मागून धडधड आवाज येत होता. बाई जवळजवळ पळतच आत गेल्या.

वरचा अर्धा भाग उकरून केव्हाच मोकळा झाला होता. काळ्या मातीचे ओले ढीग बाजूला पडले होते. आता यंत्र खालच्या अर्ध्यावर आलं होतं, आणि ते नुसतं उकरत नव्हतं. जेसीबीला पुढे ब्रेकर लावून रस्ता फोडत होते. फुटलेल्या थराचे करडे, धारदार तुकडे चहूकडे उडत होते.

"थांबवा! थांबवा ते!" बाई ओरडल्या.

कंत्राटदाराचा मुकादम घाम पुसत पुढे आला. "मॅडम, बाजूला व्हा, दगड उडतोय."

"दगड नाही तो. माती आहे."

"ही माती हाय? काय सांगताय, मॅडम! वरली बाजू एका दिसात उकरून झाली. हितं बकेट लावली तर दात तुटला तिचा. मालकानं शिव्या दिल्या आमाला. शेवटी ब्रेकर आणला भाड्यानं, तरी हलंना. ज्यानं कुणी हा रस्ता केला ना, त्याच्या तर..." समोर बाईमाणूस उभं आहे हे लक्षात येऊन तो थांबला.

"बोला, बोला," पद्मजाबाई म्हणाल्या. "मीच केलाय."

तीन वर्षांत त्या थराला मिळालेली ही पहिली शाबासकी. बाईंना ती ऐकून रडावं की हसावं ते कळेना. मुकादमाला काहीच कळलं नाही. त्याने तंबाखू मळली आणि यंत्राला हात करून पुढे चालू ठेवायला सांगितलं.

बाईंनी दिग्विजयला फोन लावला.

"मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं," तो पलीकडून काकुळतीला येऊन म्हणाला. "हे काम आमच्या विभागातून निघालंच नाही. क्षेत्रीय कार्यालयातून परस्पर झालं. तक्रार वरच्या भागाची होती, पण एक गल्ली, एक एस्टिमेट. अर्धीच गल्ली काँक्रीटची केली असती, तर उरलेल्यांनी विचारलं असतं ना, आम्ही काय पाप केलं?"

"मग वरून काँक्रीट घाला! खालचं कशाला उकरताय? ती जमीन आहे तशी राहू दे!"

"लेव्हल वर गेली तर पाणी घरात शिरेल, मॅडम. जुनं काढावंच लागतं."

"दोन हात जागा सोडायला सांग. एवढीशी. समिती बघेल आणि मग करा काय करायचं ते."

"मॅडम," दिग्विजय हळू आवाजात म्हणाला, "नारळ फुटलाय."

याच्यापुढे पुण्यात कुठल्याही शास्त्राचं काही चालत नाही, हे बाईंनाही माहीत होतं. "समितीला काय सांगू मी?"

"आज संध्याकाळी मीच कळवतो. नमुना उपलब्ध नाही म्हणून प्रस्ताव तूर्त बंद करतील. पुढच्या आर्थिक वर्षात दुसरी गल्ली बघू ना आपण. पुन्हा तीन पावसाळे..." बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. "मॅडम, तुम्ही मेमध्ये रिटायर होताय का हो?"

बाईंनी फोन बंद केला. त्यांनी पायाजवळचा एक तुकडा उचलला. हातात जड, कोरडा, टणक. ज्या शेतातल्या मातीचा तो होता, ती माती एव्हाना पाणी पिऊन चिखल व्हायला हवी होती. इतकं सगळं बरोबर आलं होतं! आणि हा तुकडा कुणाला दाखवायचा? पिशवीत घालून नेलेलं ढेकूळ कुठली समिती मानते? कुणावर तरी, कुणावरही, तोंड टाकल्याशिवाय आता त्यांना राहवेना.

"मॅडम! ओ मॅडम!" वरून हाक आली. कौशल्याबाई उकरलेल्या मातीवरून फळी टाकून येत होत्या. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा. नवी साडी, चेहरा फुललेला. "या ना जी! पाहिलं का? झाला नं रोड! हे तं म्हणत होते, कोणी येत नाही, कायले फोटो टाकतं. मी म्हटलं, मॅडमनं सांगितलं हाय. तुमच्यामुळं झालं पाहा. घ्या, पेढा घ्या."

"माझ्यामुळे?" पद्मजाबाईंचा आवाज चिरकला. "अहो, माझं सगळं बुडालं यात! हा खालचा भाग बघा. तुमच्या इकडे भेगा पडल्या, खड्डे झाले, इथे तीन वर्षांत एक तडा गेला नाही. का गेला नाही? मी केला होता म्हणून! तुमच्या मिस्टरांच्या कारखान्यातली स्लॅग घालून केला होता. हा थर दरसूचीत आला असता, तर साऱ्या पुण्यातल्या काळ्या मातीवरचे रस्ते असे झाले असते. चार दिवसांत समिती येणार होती. चार दिवस! आणि तुम्ही तो फोटो टाकलात."

"तुमीच तं म्हटलं, टाका म्हून."

"म्हटलं. कारण कुणी करत नाही इथे काही! कधीच करत नाही!"

ब्रेकर थांबला. यंत्रवाला पाणी प्यायला खाली उतरला होता. त्या शांततेत कौशल्याबाई खालच्या अर्ध्याकडे बघत राहिल्या, मग वर आपल्या फाटकाकडे. चहा त्यांच्या हातातच होता.

"मंग आमच्या इकडं काहून नाही टाकलं ते?" त्यांनी विचारलं. "यांच्याच भट्टीचा माल. सरला होता का?"

"सरला नव्हता." राग अजून ओसरला नव्हता, त्या भरात बाई शिकवल्यासारखं बोलून गेल्या. "एक भाग साधा ठेवावाच लागतो. त्याशिवाय फरक दाखवणार कसा? कुठला ठेवायचा तेही आम्ही ठरवलं नाही. नाणं उडवलं होतं."

"म्हणजे आमचा भाग खचते, हे तुमाले आधीच मालूम होतं?"

खचण्याची शक्यता होती, असं म्हणता आलं असतं. खातं सगळीकडे असेच रस्ते करतं, तिथेही लोक पडतात, हेही खरंच होतं. साऱ्या शहरासाठी चाललं होतं, हे तर सर्वांत खरं. पण समोरच्या बाईचं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. पेढ्यांचा पुडा तिने त्याच हाताने जरा तिरका धरला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत होतं."

"माहा हात मोडला, तुमी मोसंब्या घेऊन आल्या, तवा?"

"तेव्हाही."

कौशल्याबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर पद्मजाबाईंना फार सोपं गेलं असतं. भांडण त्यांना येत होतं. कौशल्याबाईंनी फक्त पेढ्यांच्या पुड्याचं झाकण नीट लावलं.

"मी तं सरकून, जपून गेली असती," त्या म्हणाल्या. "तिकून, खालून फिरून गेली असती डबे घेऊन. एवढं मोजत होत्या तुमी माह्या दारात बसून. एक डाव म्हणाच होतं, बाई, इकून जाऊ नको."

पद्मजाबाईंच्या हातातला तुकडा त्यांना एकदम नकोसा झाला, पण तो टाकायचा कुठे तेही कळेना. त्या तो तसाच धरून उभ्या राहिल्या.

"आता दुसरीकडं करान तुमी हे?"

"मी नाही. माझी नोकरी संपेल. कुणीतरी करेल, गल्ली मिळाली तर."

"अन् तिथं बी अर्धी अशीच ठेवान?"

'नाही' म्हणायला काय लागत होतं? पण उद्याची गल्लीही त्यांच्याच हाती असती, तर त्यांनी अर्धीच ठेवली असती. नाही ठेवली, तर कुठल्याच समितीने काही मानलं नसतं, आणि पुढची तीस वर्षं पुन्हा दुसऱ्या कुणीतरी बाईने तोच प्रश्न विचारत फिरलं असतं.

"ठेवावी लागेल," बाई म्हणाल्या.

कौशल्याबाईंनी मान हलवली. चहा निवला होता. त्यांनी तो बाजूच्या मातीत ओतून टाकला. आणि घराकडे वळताना, जणू डब्याचा निरोप द्यावा तशा साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "मंग तिथल्या बायांले आधी सांगजा."

फळीवरून तोल सांभाळत त्या वर निघून गेल्या. यंत्र पुन्हा धडधडायला लागलं. मुकादम दोनदा म्हणाला, मॅडम, बाजूला व्हा. पद्मजाबाई बाजूला झाल्या, आणि त्यांनी दिग्विजयला पुन्हा फोन लावला. "दुसरी गल्ली बघशील ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा कुठला अर्धा खचणार, ते तिथल्या बायकांना आधी सांग."